थंड झालं की गळतं, गरम केलं की बंद: सरकारी पैशाच्या मोठ्या यंत्रांची दुरुस्ती

हेलियमवाला (सोमवार, रात्री ११.४०)

मंडळी, आज नववा दिवस, आमचं मशीन बंद आहे. मी मुंबईतल्या एका सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे, १९ वर्षं झाली, व्हॅक्यूम (निर्वात) आणि क्रायो (अतिथंड यंत्रणा) हे माझं काम. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडायची आणि दिवसभर गळती शोधायची. कुठली प्रयोगशाळा ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही.

मशीन म्हणजे क्रायोस्टॅट. मोठा थर्मास समजा. आतल्या भांड्यात द्रव हेलियम, ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस. बाहेरचं भांडं आपल्या खोलीच्या तापमानाला, आणि दोघांच्या मधे निर्वात पोकळी. ती पोकळी खराब झाली की बाहेरची उष्णता आत शिरते, हेलियम उकळून उडून जातं आणि गेलेलं हेलियम परत मिळत नाही, ते आपल्याकडे येतंच बाहेरून, महाग आणि वेळेवर न मिळणारं.

तर आमचा प्रॉब्लेम असा की खोलीच्या तापमानाला सगळं छान. लीक डिटेक्टर (हेलियम निसटलं की दाखवणारं यंत्र) लावला, आतल्या भांड्यात हेलियम गॅस भरला, तासभर थांबलो, काटा हलत नाही. थंड करायला घेतलं की कुठेतरी मधेच पोकळी बिघडायला लागते. मग गरम करा, अडीच दिवस जातात, गरम झाल्यावर तपासा, गळती गायब!! ताप आलेलं पोर डॉक्टरच्या दारात गेलं की खेळायला लागतं, तसंच. याला आम्ही कोल्ड लीक म्हणतो आणि आमच्या धंद्यात याच्याइतकं छळणारं दुसरं काही नाही.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. काल घरी एका लग्नाच्या बैठकीत विषय निघाला आणि चार जण एका सुरात म्हणाले, सरकारी मशीन ना, मग बंदच असणार. मला फार लागलं ते. मोठं मशीन बिघडतंच हो, जगात सगळीकडे बिघडतं. हबल दुर्बीण १९९० च्या एप्रिलमध्ये वर गेली आणि फोटो धूसर. २.४ मीटरचा आरसा, कडेला २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेलेला. २.२ मायक्रॉन म्हणजे केसाच्या पन्नासाव्या भागाइतकं. आरसा तपासायच्या उपकरणातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलेलं होतं, म्हणून आरसा अगदी काटेकोर पण चुकीच्या आकारात घासला गेला. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा बाहेर पडून नवीन कॅमेरा आणि चष्म्यासारखे छोटे आरसे बसवले, आणि ती दुर्बीण पुढे तीस वर्षांहून जास्त चालली. आज हबलचे फोटो सगळे फॉरवर्ड करतात, दुरुस्ती कोणाला आठवत नाही.

कोणाला कोल्ड लीकचा अनुभव असेल तर प्लीज लिहा. बाकीच्यांनी पण लिहा.

चुनाभट्टीची मी (सोमवार, रात्री ११.५८)

छान लिहिलंय, थर्मासचं उदाहरण लगेच कळलं. एक साधा प्रश्न, राग मानू नका. ज्या कंपनीने मशीन दिलं त्यांना का नाही बोलवत? आमच्या ऑफिसची लिफ्ट बिघडली की एएमसीवाला येतो तसं.

हेलियमवाला (मंगळवार, सकाळी ७.१०, गाडीत)

ताई राग कसला, हाच प्रश्न आमचे अकाउंट्सवाले पण विचारतात. लिफ्ट हजारो बनतात, त्याचे पार्ट गोडाऊनमध्ये असतात. आमच्यासारखं मशीन एकच बनतं, अर्धं बाहेरून आलेलं, अर्धं आम्ही वर्कशॉपमध्ये केलेलं. बनवणाऱ्या कंपनीतला जो माणूस ते जोडून गेला तो कधीच दुसरीकडे गेला. त्यांचा इंजिनियर बोलवायचा तर परवानगी, व्हिसा, तिकीट, त्याचा दिवसाचा दर, आणि एखादा पार्ट लागला तर तो सहारच्या कार्गोत येऊन कागदांसाठी पडून राहणार. तीन महिने कुठे गेले कळत नाही. त्यापेक्षा आपणच उघडायचं.

अणुशक्तीनगरचा (मंगळवार, दुपारी १.३०)

मी तिथल्या कॉलनीत वाढलो, त्यामुळे ध्रुवची गोष्ट सांगतो. ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी, १०० मेगावॅटची, ८ ऑगस्ट १९८५ ला क्रिटिकल झाली, म्हणजे आतली साखळी प्रक्रिया स्वतःहून चालू राहायला लागली. आणि सुरू झाल्यावर लक्षात आलं की इंधनाच्या जोडण्या पाण्याच्या जोरदार प्रवाहात थरथरतायत. थरथर म्हणजे घासणं, घासणं म्हणजे इंधनाचं आवरण झिजणं, आणि झिजलेलं पाण्यात उतरणं. बाहेरून कोणी येऊन सांगणार नव्हतं, कारण डिझाइन आपलंच होतं आणि त्या विषयात बाहेरचे मदतही करत नव्हते. आपल्याच लोकांनी जोडण्यांचं डिझाइन बदलून थरथर बंद केली आणि १९८८ च्या जानेवारीत भट्टी पूर्ण क्षमतेला गेली. अडीच वर्षं लागली. त्या अडीच वर्षांत कॉलनीत कितीतरी घरी बाबा रात्री उशिरा यायचे, आम्हा पोरांना कारण माहीत नसायचं.

शेजारची सायरस तर १९६० ची. १९९७ ला बंद करून काही वर्षं तिची पूर्ण डागडुजी केली, आणि मग ती २०१० च्या शेवटच्या दिवसापर्यंत चालली. जुनं मशीन उघडून, एकेक पाइप तपासून परत चालवणं हे नवीन बांधण्यापेक्षा अवघड आहे असं माझं ठाम मत आहे.

गिरगावकर (मंगळवार, दुपारी २.१५)

+१ अणुशक्तीनगरचा. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पेलेट्रॉन आहे ना, कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि त्यांचं मिळून, १९८८ पासून चालू. कॉलेजात असताना एकदा बघायला नेलं होतं. धातूचे मणी नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेली साखळी आत फिरते आणि विद्युतभार वर नेते, १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत. आत सगळीकडे खास इन्सुलेशनचा गॅस भरलेला. म्हणजे आत नुसतं डोकवायचं म्हटलं तरी आधी तो सगळा गॅस काढून दुसऱ्या टाक्यांत भरायचा. दाखवणारे सर म्हणाले होते, बिघाड पाच मिनिटांचा असेल पण त्याच्यापर्यंत पोचायला दिवस लागतात. ते वाक्य डोक्यात बसलंय.

हेलियमवाला (मंगळवार, रात्री ९.०५)

अगदी अगदी. पोचायलाच दिवस लागतात. जिनिव्हाच्या सर्नचं बघा ना, कणांचे किरण एकमेकांवर आदळवणारी प्रयोगशाळा. २७ किलोमीटरचा बोगदा, १० सप्टेंबर २००८ ला पहिला किरण फिरला, जगभर टीव्हीवर दाखवलं, आणि १९ सप्टेंबरला म्हणजे नवव्या दिवशी दोन चुंबकांच्या मधल्या एका विजेच्या जोडाने दगा दिला. तो जोड असा हवा की रोध जवळपास शून्य. याच्यात थोडा रोध होता आणि करंट होता साडेआठ हजार अँपियरच्या वर. जोड वितळला, ठिणगी उडाली, हेलियमचं आवरण फुटलं, सुमारे ६ टन हेलियम बोगद्यात. त्याच्या धक्क्याने कित्येक टनांचे चुंबक जमिनीवरून सरकले. ५३ चुंबक वर काढावे लागले. परत किरण फिरायला नोव्हेंबर २००९ उजाडलं.

मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, त्यांनी लपवलं नाही. काय झालं, कुठला जोड, आधी कळायला हवं होतं ते का कळलं नाही, सगळं लिहून जाहीर केलं. आणि दुसरं म्हणजे घाई केली नाही. पुढची काही वर्षं मशीन मुद्दाम कमी ऊर्जेवर चालवलं, आणि मग २०१३ ला दोन वर्षं बंद ठेवून असे १० हजारांच्या वर जोड एकेक करून पक्के केले. एक जोड गेला म्हणून दहा हजार बघितले! याला म्हणतात दुरुस्ती. (त्या चुंबकांखाली जे जॅक आहेत, मिलिमीटरच्या अंशाने उचलणारे, त्यांचं डिझाइन आपल्या इंदूरच्या केंद्राचं, आणि बनलेही भारतातच. हे फार कमी लोकांना माहितीये.)

आमच्याकडचं स्टेटस: उद्या इन्सर्ट (क्रायोस्टॅटच्या आत बसणारा भाग) बाहेर काढतोय.

माटुंगा वर्कशॉप (मंगळवार, रात्री १०.२०)

मी इंजिनियरिंग कॉलेजच्या वर्कशॉपला होतो, आता रिटायर. हेलियमवाले, इन्सर्ट बाहेर काढताय ते बरोबर करताय. पूर्ण मशीन थंड करून शोधत बसू नका, हेलियम आणि आयुष्य दोन्ही जाईल. एकेक जोड वेगळा काढा, मागे लीक डिटेक्टर लावा, थर्मोकोलच्या खोक्यात द्रव नायट्रोजन ओतून तेवढाच जोड बुडवा. बाहेर काढा, लगेच हेलियम फवारा. नायट्रोजन उणे १९६ ला उकळतो, आकुंचनाचा मोठा भाग तिथपर्यंत होऊन जातो, त्याच्याखाली धातू फार आकसत नाही. गळणारा असेल तर तिथेच गळेल.

वेल्ड आधी बघा, मग सिरॅमिकचे फीडथ्रू (विजेच्या तारा आत नेतात ते), मग इंडियमचे (मऊ धातूची तार दाबून केलेले) जोड. आणि बोल्ट कशाचे आहेत, फ्लँज (बोल्टने आवळायची कड) कशाचा आहे ते कळवा.

करदाता (बुधवार, सकाळी १०.००)

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे, पण मी थोडं कडू बोलणार आहे. माझी मुलगी एका संस्थेत पीएचडी करते. तिला लागणारं मुख्य उपकरण १४ महिने बंद होतं. चौदा महिने! कारण काय तर प्रोजेक्ट संपला, त्याबरोबर मेंटेनन्सचे पैसे संपले, आणि चालवणारा मुलगा काँट्रॅक्टवर होता तो पण गेला. उपकरण कोट्यवधींचं, बिघडलेला भाग काही हजारांचा. मुलगी दर महिन्याला दुसऱ्या शहरात सँपल घेऊन जायची, बर्फाच्या डब्यात, स्लीपर क्लासने. तुम्ही मनापासून काम करता ते दिसतंय, पण पैसे आमचे आहेत आणि वर्ष तिची गेली. बंदच असणार असं लोक म्हणतात ते उगाच नाही म्हणत.

हेलियमवाला (बुधवार, दुपारी ३.४५)

करदाता, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि मला यावर वाद घालायचाच नाही. तुमच्या मुलीसारखी मुलं मी रोज बघतो. आमचं मशीन बंद आहे म्हणून दोन मुलं आत्ता रोज येऊन माझ्या टेबलाशी उभी राहतात, काही बोलत नाहीत, नुसती बघतात.

खरं दुखणं तेच आहे. मशीन घ्यायला पैसे मिळतात, फीत कापली जाते, फोटो लागतो. मशीन जिवंत ठेवायला लागणारे पैसे मागितले की प्रश्न सुरू, अजून नवीनच आहे ना, स्पेअर कशाला आधीच घेताय. आणि टेक्निशियनची जागा रिटायरमेंटनंतर भरतच नाहीत. खरेदीची अडचण निदान थोडी सैल झालीये, २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांच्या संचालकांना ठरावीक पोर्टलच्या बाहेरून उपकरणं घ्यायची मुभा दिली आणि खरेदीच्या मर्यादा वाढवल्या. त्याचा उपयोग होईल. पण पार्ट आला तरी तो बसवणारा हात पाहिजे ना.

आणि दुरुस्ती पुढे ढकलली की काय होतं त्याचं उदाहरण अरेसिबो. पोर्तो रिकोमधली ३०५ मीटरची रेडिओ दुर्बीण, १९६३ पासूनची. बशीच्या वर ९०० टनांचा सांगाडा केबलींवर लटकवलेला. केबलीचं टोक जस्त ओतून सॉकेटमध्ये बसवलेलं असतं. ऑगस्ट २०२० मध्ये एक केबल सॉकेटमधून निसटली. पुढची पावलं उचलेपर्यंत नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली, मग दुरुस्ती करायला वर माणूस पाठवणंच धोक्याचं झालं, आणि १ डिसेंबरला सगळा सांगाडा खाली. नंतरच्या चौकशीत निघालं की जस्तातून केबली हळूहळू सरकत होत्या, आणि ते सरकणं आधी मोजता येण्यासारखं दिसत होतं. मी तो व्हिडिओ पूर्ण बघू शकत नाही. तिथे ५०-५५ वर्षांत किती लोक त्या केबलींवर चढले असतील.

माटुंगा सर, नमस्कार करतो. तुमच्या पद्धतीने सुरू केलंय. वेल्ड सगळे पास. फीडथ्रू पास. फ्लँज अॅल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेसचे.

माटुंगा वर्कशॉप (बुधवार, दुपारी ४.१०)

मग तिथेच आहे. अॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त आकसतं. फ्लँज बारीक होतो, बोल्ट तेवढा होत नाही, बोल्ट ढिला. गरम झालं की परत घट्ट. बोल्टखाली काय आहे? साधे वॉशर?

लालबागची आत्या (बुधवार, सायंकाळी ६.३०)

मला यातलं काही कळत नाही पण धागा सोडवत नाहीये. ढगांचं रडार पण यातच धरायचं ना? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला शंभर पण नाही, आम्ही इथे खिडकीतून बघतोय की एवढं काय झालं. मग रडार आलं. पण पावसाळ्यातच रडार बंद आहे अशी बातमी वाचली की पोटात गोळा येतो.

खोडदची वारी (बुधवार, रात्री ८.५०)

आत्या, त्यासाठीच एकाला दुसरं हवं. २०२२ च्या जानेवारीत वेरावलीचं रडार सुरू झालं, म्हणजे कुलाब्याचं दुरुस्तीला काढलं तरी शहर आंधळं होत नाही. दुरुस्तीला वेळ मिळणं हेच महत्त्वाचं असतं.

मी जीएमआरटीबद्दल लिहितो, नारायणगावजवळ खोडदला असलेली मोठी रेडिओ दुर्बीण. ४५ मीटरच्या ३० अँटेना, १४ मधल्या चौकात आणि १६ तीन हातांवर पसरलेल्या, २५ किलोमीटरपर्यंत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांची कल्पना अशी की भरीव पत्र्याची बशी नकोच, तारांच्या दोरखंडांवर ताणलेली बारीक स्टेनलेस जाळी, तार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका, खर्च कमी. पण मग जाळी ही दुरुस्तीची वस्तू झाली. वारा वाढला की अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या करून ठेवतात. ३० जणी असल्याने एक-दोन दुरुस्तीला असल्या तरी निरीक्षण थांबत नाही, हे मला डिझाइनमधलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. २८ फेब्रुवारीच्या सुमारास लोकांना बघायला खुलं असतं, मुलांना नक्की न्या. मी दोनदा गेलोय, आणि दोन्ही वेळा शास्त्रज्ञांपेक्षा जास्त वेळ सर्वोवाल्यांशी (अँटेना फिरवणारी यंत्रणा सांभाळणाऱ्यांशी) बोलत बसलो.

हेलियमवाला (गुरुवार, रात्री १२.३०)

सापडलं!!!!!

झोप येत नाहीये म्हणून सगळं लिहितो. बोल्टखाली साधे वॉशर होते. सरांचा मेसेज वाचला आणि मी आमच्या आधीच्या काकांना फोन लावला, ते सहा वर्षांपूर्वी रिटायर झाले, आता सावंतवाडीला असतात. मी फ्लँजचा नंबर सांगितला, त्यांनी पहिला प्रश्न केला, “वाटीवाले घातलेस ना रे?” वाटीवाले म्हणजे वाटीसारखे वाकवलेले स्प्रिंगचे वॉशर, एकावर एक पालथे घालायचे. फ्लँज आकसला तरी ते उघडतात आणि दाब धरून ठेवतात. काका दर वेळी घालायचे. ड्रॉइंगमध्ये नाहीत. लॉगबुकात नाहीत. गेल्या वर्षी हा जोड उघडला तेव्हा काँट्रॅक्टवरच्या मुलाने ड्रॉइंगप्रमाणे साधे वॉशर घातले, त्याची काहीच चूक नाही, त्याने कागदावर होतं तेच केलं. वर्षभर इंडियमने धरलं, दर थंडीला थोडं थोडं सैल होत गेलं आणि मग सुटलं.

तो जोड नायट्रोजनमध्ये बुडवला तेव्हा आधी काही नाही. खोक्यातली उकळी बसली, वाफ खाली आली, मी पंखा बंद करायला सांगितला आणि रिफिलएवढ्या नळीने वरून हेलियम सोडत खाली आलो. चौथ्या बोल्टपाशी डिटेक्टर ओरडायला लागला. ती दोन मुलं मागे उभी होती, एकीने माझा खांदाच धरला.

माटुंगा सर, खरंच खूप आभार.

करदाता (गुरुवार, सकाळी ८.१५)

अभिनंदन. मुलीला धागा पाठवलाय. ती विचारतेय की काकांना जे जे माहिती आहे ते कोणी लिहून घेतंय का?

हेलियमवाला (गुरुवार, रात्री १०.४०)

हो. रविवारपासून रोज रात्री फोनवर एक तास, ती दोन मुलं लिहून घेणार आहेत, काका तयार आहेत, उलट खूश झाले. वॉशरची गोष्ट पहिल्या पानावर.

आज दिवस नागदेवी स्ट्रीटला गेला. दोन दुकानांत काळ्या स्प्रिंग स्टीलचे होते, ते चालत नाहीत, एवढ्या थंडीत काचेसारखे तडकतात. तिसऱ्याकडे स्टेनलेसचे मिळाले, सगळे मिळून एका जेवणाच्या बिलाइतके पैसे. संध्याकाळी जुनं इंडियम प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं, लोखंडी काही लावायचं नाही, खोबणीला एक ओरखडा पडला की संपलं. नवीन तार खोबणीत बसवली, इतकी मऊ असते की नख लागलं तरी खूण उठते. दोन्ही टोकं एकमेकांवर आणून बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, अर्धा तास थांबलो, परत आवळले, कारण इंडियम दबत राहतं. नायट्रोजनमध्ये तीनदा बुडवून काढलं. काटा जागेवर.

वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. हबलच्या त्या तपासणीच्या उपकरणात भिंग हवं तितकं सरकेना तेव्हा तिथेही वॉशरच घातले होते पॅकिंगला. ते सरकत का नाही हे कोणी थांबून विचारलं नाही. आणि दुसऱ्या साध्या उपकरणांनी आरसा चुकलाय असं दाखवलं होतं, ते बाजूला ठेवलं गेलं. काल रात्रीपासून हे डोक्यातून जात नाहीये.

हेलियमवाला (सोमवार, सायंकाळी ५.२०)

पहाटे चारला ४.२ केल्विन. पोकळी टिकून आहे, हेलियमची पातळी जशी उतरायला हवी तेवढीच उतरतेय. मुलांनी सँपल तयार ठेवलंय. काकांना फोन करून आकडे सांगितले, ते म्हणाले आत्ता काही बोलू नकोस, चोवीस तास बघ आणि मग सांग. तेरा झाले. मी इथेच आहे.